रस्ते पाठ असणं पुरेसं नाही

बेंगळुरूतल्या जयनगरचे रस्ते आकड्यांचे. अकरावा मेन, सत्ताविसावा क्रॉस, चौथा ब्लॉक. इथे उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हा हिशेब झोपेतही चुकत नाही. म्हणूनच माझ्या स्मृतिविकारांच्या ओपीडीत मुलं हमखास सांगतात, "डॉक्टर, बाबा सकाळी काय खाल्लं ते विसरतात, पण गाडी अजून झकास चालवतात. रस्ते सगळे पाठ आहेत."

त्यात खोटं काही नसतं. क्लच, गिअर, ब्रेकची सवय मेंदूच्या ज्या भागांत मुरलेली असते, त्यांना अल्झायमर बराच उशिरा धक्का लावतो. आधी ढासळतात ते लक्ष, अंतराचा अंदाज आणि ऐनवेळचा निर्णय. साउथ एंड सर्कलला डावीकडून बस वळतेय, उजवीकडून स्कूटर घुसतेय आणि समोरून कुणी आजी रस्ता ओलांडताहेत, हे सगळं एका क्षणात टिपावं लागतं. तिथे पाठांतर कामाला येत नाही.

म्हणून मी रस्त्यांबद्दल विचारतच नाही. कागद पुढे करते आणि घड्याळ काढायला सांगते, अकरा वाजून दहा मिनिटांचं. एका निवृत्त इंजिनिअरांनी वर्तुळ अगदी सुबक काढलं. मग बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले आणि काटे दहा व अकरावर रोखले. त्यानंतर मी गाडीची चौकशी केली. डाव्या दारावर नवे ओरखडे, डावा आरसा बदललेला, फाटकाच्या खांबाचा रंग बंपरला. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे अंदाज सुटू लागला की बहुधा आधी डावी बाजू बोलते.

कायद्यावर विसंबू नका. पंचावन्ननंतर परवान्याचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होतं. त्यासाठी डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, हे त्यात असतं. स्मृतीची चाचणी मात्र नाही. जपानमध्ये ७५ वर्षांपुढच्या चालकांना नूतनीकरणाच्या वेळी ही चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, आणि या आजारात पाच वर्षं म्हणजे फार मोठा काळ.

मग ठरवायचं कुणी? अमेरिकेच्या न्यूरॉलॉजी अकादमीने २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत याचं उत्तर दिलं आहे. 'मी नीट चालवतो' या रुग्णाच्या स्वतःच्या खात्रीला फारसा अर्थ नाही, शेजारी बसणाऱ्याला भीती वाटते का, याला आहे. आई हल्ली कारणं काढून रिक्षाने जात असेल, तर तिने निकाल केव्हाच दिलेला आहे.

निदान झालं त्याच दिवशी किल्ली काढून घ्या, असं मी सरसकट म्हणत नाही. अगदी सौम्य अवस्थेत चाचणी करून, दर सहा महिन्यांनी ती पुन्हा करून काही जण चालवू शकतात. आजार मध्यम अवस्थेला पोचला की मात्र गाडी बंद, आणि स्कूटर तर त्याआधीच. भास होणाऱ्या लुई बॉडी प्रकारात किंवा नियमांची पर्वाच संपवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात मी थांबतच नाही.

सांगण्याचा वाईटपणा मुलांनी घेऊ नये. मी प्रिस्क्रिप्शनवरच ठळक अक्षरांत लिहून देते, 'वाहन चालवू नये'. बाबांचा राग माझ्यावर निघू दे. पण भाजी, बँक, देऊळ, मित्रांचा कट्टा यांची सोय आधी लावा. मेट्रो आहे, रिक्षा आहे, ओळखीचा ड्रायव्हर मिळतो. गाडी गेली आणि बाहेर पडणंही गेलं, तर माणूस लवकर खचतो.

दिवाळीला पुण्याहून, परदेशातून घरी याल, तेव्हा अर्धा तास बाबांच्या शेजारच्या सीटवर बसा. तुमचा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर जात असेल, तर परत जायच्या आधी त्यांना तपासणीला घेऊन या.