वेल्समधल्या एका आजीचा शोध



वेल्श भाषेच्या जुन्या वर्णमालेत ‘जे’ हे अक्षरच नव्हतं, आणि तरी वेल्समध्ये सर्वांत जास्त आढळणारं आडनाव कोणतं, तर जोन्स! हे मला माझ्या विहीणबाईंनी सांगितलं. माझी मुलगी लग्न होऊन कार्डिफला गेली, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत माझंही तिकडे जाणं होतं. गेल्या सुट्टीत विहीणबाईंनी एक काम पुढ्यात टाकलं. म्हणाल्या, “तुम्ही शिक्षिका आहात, वाईटातलं वाईट अक्षर तुम्हाला वाचता येत असेल. मला माझ्या आजीचं घर शोधायचं आहे.”

ही आजी म्हणजे त्यांच्या वडिलांची आई. विहीणबाई बारा वर्षांच्या असताना ती गेली. ती देवाची प्रार्थना वेल्शमध्ये करायची, रागावली की वेल्शमध्ये बोलायची, आणि नातीला त्यातलं अक्षरही कळायचं नाही. विहीणबाईंना आजही वेल्श येत नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर त्यांना एकच गोष्ट हवी होती: आपल्या घरातून ही भाषा नेमकी कधी गेली?

आता तुम्ही म्हणाल, असल्या प्रश्नाचं उत्तर कागदावर कसं सापडणार? पण सापडतं, बरं का. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याची नामावळी मिळते. तिकडे ते काम जनगणनेचे तक्ते आणि चर्चच्या नोंदवह्या करतात. शोधाची रीत मात्र एकच: जे पक्कं ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे जायचं. मधली पायरी गाळली, की दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात जाऊन पोचतो.

आमची पहिली पायरी होती आजीच्या लग्नाचा दाखला. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. लग्नाच्या दाखल्यात वर आणि वधू दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा असतो. आजीच्या वडिलांचं आडनाव डेव्हिस, धंदा कोळशाच्या खाणीत काम, राहणार ऱ्होंडा. ऱ्होंडा म्हणजे दक्षिण वेल्समधलं एक अरुंद खोरं. 1851 साली तिथे हजारभर माणसंसुद्धा राहत नव्हती. कोळसा निघाला आणि 1911 पर्यंत दीड लाखांच्या वर वस्ती झाली. एवढी माणसं आली कुठून? बरीचशी वेल्सच्याच शेतांवरून.

मग आम्ही 1911 ची जनगणना काढली. तिकडे जनगणनेची माहिती शंभर वर्षं कुलूपबंद ठेवतात, त्यानंतर खुली करतात. त्याआधीच्या जनगणनांत प्रगणकानं आपल्या वहीत उतरवून घेतलेली नक्कल तेवढी पाहायला मिळते. 1911 चा मात्र मूळ तक्ताच जपलेला आहे, कुटुंबप्रमुखानं स्वतःच्या हातानं भरलेला. म्हणजे पडद्यावर उमटलं ते विहीणबाईंच्या पणजोबांचं अक्षर! खाणीत राबलेल्या हाताचं, जाड आणि थोडं तिरकं. तक्ता वेल्श भाषेतलाही मिळत असे, पण त्यांनी इंग्रजीच भरला होता.

त्या वर्षी सरकारनं विवाहित स्त्रियांबद्दल एक नवा प्रश्न विचारला होता. या लग्नातून मुलं किती झाली, हयात किती, गेली किती? पणजीपुढे आकडे होते 9, 6 आणि 3. विहीणबाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. आजीला पाच भावंडं होती एवढंच त्यांनी ऐकलं होतं. आठ होती, हे घरात कुणी कधी काढलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट. हयात मुलांच्या यादीत पणजोबांनी गेलेल्या तिघांचीही नावं लिहिली होती. ती नंतर कुणीतरी वेगळ्या शाईनं खोडली होती, कारण त्या रात्री घरात असलेल्यांचीच नावं तक्त्यात हवी होती. नियमाप्रमाणे खोडणं बरोबरच होतं. पण एका बापानं ती नावं लिहिली, म्हणून आज ती वाचता येतात. मूल दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत जन्मून मधेच गेलं, तर जनगणनेत त्याची काहीच खूण उरत नाही. ती तीन नावं मी इथे लिहीत नाही. ती त्या घराची आहेत.

आता भाषेकडे येऊ. वेल्समध्ये 1891 पासून जनगणनेत एक जादा रकाना असायचा: भाषा कोणती बोलता? वेल्श, इंग्रजी की दोन्ही? मग आम्ही तीन तक्ते शेजारीशेजारी ठेवले. 1891: नवीनच लग्न झालेलं जोडपं, दोघांपुढे ‘वेल्श’. 1901: नवऱ्यापुढे ‘दोन्ही’, बायकोपुढे ‘वेल्श’, आजी पाच वर्षांची, तिच्यापुढे ‘दोन्ही’. 1911: आई अजूनही ‘वेल्श’, पंधरा वर्षांची आजी ‘दोन्ही’, आणि सात आणि पाच वर्षांच्या धाकट्या दोघांपुढे ‘इंग्रजी’.

बघा हं, तक्ता शब्दशः खरा मानला तर त्या घरात आईला मुलांची भाषा येत नव्हती आणि मुलांना आईची! मला हे पटत नाही. आई भाकरतुकडा देताना जे बोलते ते पाच वर्षांच्या पोराला कळतच असणार. माझा अंदाज असा की, मुलं शाळेतून इंग्रजी घेऊन येत होती, आणि आपली पोरं आता इंग्रजीवाली झाली असं बापाला लिहावंसं वाटलं. त्यात त्याचा अभिमान असेल, नाहीतर हिशोब. खाणीत मुकादम व्हायचं तर इंग्रजी हवी, दुकानात नोकरी लागायची तर इंग्रजी हवी. आपल्या शाळेत प्रवेशाच्या वेळी माझ्यासमोर बसलेले किती पालक मला त्या रकान्यात दिसले, म्हणून सांगू!

शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. त्याला ‘वेल्श नॉट’ म्हणत. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की तो तुकडा त्याच्या गळ्यात जायचा, आणि दिवस संपताना ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. विहीणबाईंच्या आजीच्या वेळेपर्यंत हा प्रकार मागे पडला होता. पण तो ज्यांनी सोसला ते आता आईबाप, आजीआजोबा झाले होते ना! आणि गंमत अशी की 1911 साली वेल्श बोलणाऱ्यांचा आकडा जवळजवळ पावणेदहा लाख होता, जनगणनेतला आजवरचा सर्वांत मोठा. पण लोकसंख्येत त्यांचा वाटा 1891 मध्ये निम्म्याहून जास्त होता, तो 1911 मध्ये निम्म्याच्या बराच खाली आला होता. एकूण आकडा वाढत असतानाच घराघरांतून भाषा निघून चालली होती.

विहीणबाईंना उत्तर मिळालं होतं. पण आता त्यांना थांबवत नव्हतं.

1871 मध्ये पणजोबा नऊ वर्षांचे, पश्चिमेकडच्या कार्डिगनशायरमधल्या एका शेतावर. त्यांचे वडील 1851 मध्ये सालगडी. 1851 च्या तक्त्यात वय, नातं, जन्मगाव असं सगळं असतं. 1841 चा तक्ता मात्र कंजूष. पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय पाचच्या पटीत खाली उतरवून लिहायचं, म्हणजे एकोणचाळिशीचा माणूस पस्तिशीचा! नातं लिहायचं नाही, आणि जन्म याच परगण्यातला का, तर हो किंवा नाही.

आणि इथेच आडनावांनी गोंधळ घातला. पणजोबांचे वडील डेव्हिस, पण त्यांचे वडील जोन्स, आणि त्यांचेही वडील इव्हान्स! माणसं वेगळ्या घराण्यांतली नव्हेत हं. वेल्समध्ये पूर्वी स्थिर आडनाव नसे, आपल्यासारखं वडिलांचं नाव पुढे लागायचं. मुलाच्या आणि बापाच्या नावामध्ये ‘आप’ हा शब्द यायचा, मुलीला ‘वेर्ख’. पुढे ‘आप हॉवेल’चं पॉवेल झालं, ‘आप ऱ्हिस’चं प्राइस, ‘आब ओवेन’चं बोवेन. बाकीच्यांनी बापाच्या नावाला इंग्रजी ‘स’ जोडला: जॉनचा तो जोन्स, डेव्हिडचा तो डेव्हिस. खेड्यापाड्यांत ही रीत एकोणिसाव्या शतकातही चालू होती. डेव्हिड जोन्सचा मुलगा डेव्हिस, हे आपल्याला चटकन कळतं. सुनीलचा मुलगा अनिल सुनील, त्याची मुलगी प्रिया अनिल, इतकं ते सोपं आहे.

पण त्या एका पॅरिशमध्ये जवळपास एकाच वयाचे तीन डेव्हिड जोन्स होते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला मुलूख. आमचा कोणता? अशा वेळी शेताचं नाव कामाला येतं. तिकडे प्रत्येक शेताला, प्रत्येक घराला नाव असतं आणि माणूस त्या नावानंच ओळखला जातो. 1813 पासून बाप्तिस्म्याच्या छापील वहीत राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा लिहू लागले. मुलाच्या बाप्तिस्म्याला जे शेत, तेच 1841 च्या तक्त्यात. आमचा डेव्हिड जोन्स हाती लागला.

त्याच्या आईवडिलांचं लग्न 1798 चं. घरचे लोक चॅपलला जाणारे असले, तरी 1754 ते 1837 या काळात लग्न मात्र बहुतेकांना पॅरिश चर्चमध्येच लावावं लागे, म्हणून ती नोंद सापडली. नवरा, नवरी, दोन साक्षीदार. नवऱ्याची सही होती. नवरीच्या नावापुढे फुली.

“म्हणजे ही निरक्षर होती,” विहीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स नावाच्या धर्मोपदेशकानं वेल्समध्ये फिरत्या शाळा काढल्या होत्या. शेतीची कामं नसताना काही महिने एका गावात शाळा, मग पुढच्या गावात. अशा तीन हजारांवर शाळा भरल्या. मुलं यायची, मोठी माणसं यायची, बायका यायच्या. शिकवायचे काय? वेल्शमध्ये बायबल वाचायला. लिहायला नाही! पुढे रविवारच्या शाळांनीही वाचनच धरलं. त्यामुळे फुली मारणारी बाई वाचू शकत नव्हती, असं त्या फुलीवरून ठरवता येत नाही. आपण शिक्षक लिहिणं-वाचणं हा जोडशब्द इतक्या सहज वापरतो, की त्याचे दोन भाग होऊ शकतात हे लक्षातच येत नाही.

“घरात जुनं बायबल होतं,” विहीणबाई एकदम म्हणाल्या. “वेल्शमधलं. माझ्या चुलतबहिणीकडे असेल.”

एव्हाना गेलेल्या तीन मुलांपैकी दोघांचं दफन आम्हाला चॅपलच्या वहीत मिळालं होतं. तिसऱ्याचं मिळत नव्हतं. चुलतबहिणीनं दोन दिवसांनी बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानाचा फोटो पाठवला. 1911 च्या तक्त्यातलं तेच जाड, तिरकं अक्षर, पण इथे सगळं वेल्शमध्ये. प्रत्येक ओळीत ‘गानविड’ हा शब्द, म्हणजे जन्मला किंवा जन्मली. खाली नऊ नावं. तीन नावांपुढे दुसरीही तारीख होती, आणि तिसरं मूल अकरा दिवसांचं होतं.