नाण्यावाचून खेळ

गतवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही दोन्ही मुलांस घेऊन कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे, नाणे घालून खेळावयाच्या जुन्या यंत्रांचा मेळा पाहावयास गेलो. 'कॅलिफोर्निया एक्स्ट्रीम' हे त्याचे नाव. आरंभ 1997 सालचा. ज्या हौशी मंडळींनी असली यंत्रे घरी जतन करून ठेवली आहेत, ती स्वखुशीने ती वाहून आणतात व परक्यांच्या पोरांच्या हवाली करतात. प्रवेशमूल्य एकदा भरले, की आत कोणत्याही यंत्रास नाणे घालावे लागत नाही.

या नाण्याचे माहात्म्य थोडे नव्हे. शेजारच्याच सनीव्हेल गावी 1972 साली एका मद्यगृहात अटारी कंपनीने 'पाँग'चे पहिले यंत्र ठेवले. ते लवकरच बंद पडले, आणि उघडून पाहावे तो आत नाणी तुडुंब भरलेली! पुढील खेळ रचणाऱ्यांनी हे मर्म ओळखले. खेळणाऱ्यास मोह तर पडावा, परंतु त्याचा डाव फार वेळ टिकू नये, असाच त्यांचा बेत असे.

चिरंजीव पिनबॉलपाशी रमले. दहा वर्षांची कन्या 'पॅक-मॅन'पुढे उभी राहिली. भुताने गिळले, की ती हसे व पुन्हा कळ दाबी. फुकटच्या खेळाची किंमत मुलांस काय कळणार, असे आमच्या मनात आले. परंतु वीसएक डाव हरल्यावर भुतांच्या वाटा तिला पाठ झाल्या होत्या. मग आमची पाळी आली आणि आमच्या तळहातांस घाम सुटला.

"बाबा, तुम्ही इतके घाबरून का खेळता? इथे पैसे लागत नाहीत."

तिच्या वयाचे असताना आम्ही पुण्यात हाच खेळ खेळत असू. एका डावास एक रुपया पडे, आणि तो रुपया आम्ही आईच्या डाळीच्या डब्यातून चोरीत असू. एकदा नव्हे, पुष्कळदा. महिनाअखेरीस आई डब्यातले पैसे दोन-दोनदा मोजी व आपलाच हिशेब चुकला असे म्हणे. आम्ही शेजारी बसून पाढे म्हणत असू.

हे आजवर कोणास सांगितले नव्हते. त्या गोंगाटात मुलीस सांगितले. तिने क्षणभर विचार केला.

"आजीला शेवटपर्यंत सांगितलं नाही?"

"नाही."

'पॅक-मॅन'च्या 256 व्या टप्प्यावर यंत्राचीच गणती कोलमडते. टप्प्यांचा आकडा ठेवावयाची जागा 255 पर्यंतच पुरते. पुढे अर्धा पडदा अक्षरांच्या गाळाने भरतो, आणि खेळणारा कितीही निष्णात असला तरी त्यास पुढची वाट नाही. आम्ही तेथवर कधी पोहोचलो नाही. त्या दिवशी तर दुसऱ्याच टप्प्यात भुताने गाठले.

मुलीने काही न बोलता पुढे होऊन आमच्यासाठी कळ दाबली, आणि या खेपेस ती आमच्या शेजारीच उभी राहिली.