तमाशाला बायकांनी जावं का?

मैत्रिणींनो, वरचा प्रश्न वाचून तुमच्यातल्या काहीजणींना हसू आलं असेल, आणि काहीजणींनी ‘काहीतरीच बाई!’ म्हणून पान उलटायला घेतलं असेल. जरा थांबा. मी मंचरची. घरसंसार सांभाळून शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. मंचरहून एसटीत बसलं की अर्ध्या-पाऊण तासात नारायणगाव येतं. तमाशाची पंढरी म्हणतात ती हीच. बाजाराला, लग्नाच्या बस्त्याला, टोमॅटोच्या हंगामात भाऊजींच्या मालाबरोबर अशी किती वेळा मी तिथे गेले असेन! पण लग्नाला बारा वर्षं झाली तरी तमाशा काही पाहिला नव्हता. आमच्याकडे बायका तमाशाला जात नाहीत. का जात नाहीत, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

हा नियम मोडला तो आमच्या वन्संनी. वन्सं बडोद्याला असतात. दोन वर्षांपूर्वी त्या आणि त्यांचे यजमान प्रवासी कंपनीबरोबर ग्रीसला जाऊन आले. अथेन्समध्ये फिलोपापू नावाची टेकडी आहे. तिच्या झाडीत एक उघडं नाट्यगृह आहे, डोरा स्ट्राटू या बाईंच्या नावाचं. या बाईंनी १९५३ साली ही संस्था काढली. खेड्याखेड्यांतले नाच, गाणी आणि पोशाख गोळा करायचे आणि ते जसेच्या तसे लोकांपुढे मांडायचे, हे संस्थेचं काम. उन्हाळ्यात तिथे संध्याकाळी नाचाचे कार्यक्रम होतात. वन्संनी तिकीट काढून तो पाहिला.

चैत्रात त्या माहेरी आल्या तेव्हा ओट्याशी उभ्या राहून त्यांनी तो नाच मला करूनही दाखवला! सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे, गोलात पुढे सरकायचं, टोकाच्या माणसाने रुमाल धरून जरा जास्त उड्या घ्यायच्या. ‘कालामातिआनोस’ असं त्याचं नाव. त्याचा ताल सात मात्रांचा, तीन-दोन-दोन असा. मी म्हटलं, “वन्सं, हा तर आपला रूपकच की!” त्यांना भारी गंमत वाटली. मग म्हणाल्या, “तिथे भाषेचा एक शब्द कळत नव्हता, तरी तासभर हललो नाही. आणि इथे माहेरच्या दारातला नाच मी जन्मात पाहिला नाही. यंदा मला तमाशा पाहायचाय.”

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं, लोक काय म्हणतील? ही शाळेत शिकवते.” पण लेकीपुढे आईचं काय चालतं! शेवटी यांच्या आजोळची जत्रा चार दिवसांवर होती, तिथेच जायचं ठरलं. गाव जुन्नर तालुक्यातलं. मुक्काम मामंजींकडे. “मामा बरोबर असले तर जा,” असं म्हणून सासूबाईंनी परवानगी दिली, आणि बरोबर पुरणपोळ्यांचा डबाही दिला.

जाताना वाटेत नारायणगावला उतरलो. पाडव्याच्या सुमाराला इथे तमाशाच्या राहुट्या लागतात. एकेका राहुटीवर एकेका फडाचा फलक. आत फडाचा माणूस वही घेऊन बसलेला. गावोगावचे पुढारी येतात, तारीख ठरवतात, सुपारी देतात. आपल्या जत्रेच्या दिवशी चांगला फड मिळावा म्हणून ही सगळी धडपड. वन्संनी सरळ आत जाऊन चौकशी केली. त्या माणसाने अदबीने खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळा हिशेब समजावून सांगितला. मोठे फड दसऱ्याला बाहेर पडतात. कनात, रंगमंच, दिवे, स्वयंपाकाची भांडी असं सगळं ट्रकमध्ये भरून ते गावोगाव फिरतात आणि थेट वैशाखातच परततात. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. म्हणजे बघा, रोज शंभर माणसांचा स्वयंपाक, आणि तोही रोज नव्या गावात! आपल्याकडे चार पाहुणे जास्त आले तर आपली त्रेधा उडते.

रात्री जेवणं उरकून आम्ही निघालो. सतरंजी, पाण्याची बाटली, शाल असा सगळा जामानिमा होता. देवळापुढच्या पटांगणात बायकांसाठी एक बाजू राखलेली होती. तिथे आम्ही दोघी, मामी आणि आणखी पंधरा-वीसजणी. पुरुष मात्र हजारावर असतील.

आधी नुसती ढोलकी आणि हलगी. काय ती जुगलबंदी! मांडीवरचं पोर झोपेतून उठून टाळ्या पिटायला लागलं. मग गण झाला, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, आणि गवळणींची म्होरकी ती मावशी. ही मावशी म्हणजे साडी नेसलेला पुरुष. तिचं ते कंबरेवर हात ठेवून बोलणं पाहून वन्संच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतक्या हसल्या. मग बतावणी, मग लावण्या आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे सिनेमाची गाणी, आणि शेवटी वग. पूर्वी वग पहाटेपर्यंत चालायचा. आता ध्वनिक्षेपकाला वेळेची बंधनं आहेत, त्यामुळे तो बराच आटोपशीर झालाय.

खरं सांगते, नाच फार चांगला होता. नऊवारी चापून नेसलेली, पायांत घुंगरांचे पट्टे. नुसत्या टाचेवर ती बाई ढोलकीला उत्तर देत होती. ढोलकीवाला अवघड बोल टाकायचा आणि ती तो जसाच्या तसा पायाने परत करायची. मी वर्गात पाढे घेते ना, तशी ही परीक्षाच होती, आणि ती एकदाही चुकली नाही. पण पुढच्या रांगेतून शिट्ट्या यायच्या त्या अशा ठिकाणी नाही. पदर जरा हलला की यायच्या. बोल अवघड पडला तेव्हा दाद दिली ती ढोलकीवाल्याने, एका म्हाताऱ्या बाबांनी आणि आमच्या वन्संनी.

वन्सं हळूच म्हणाल्या, “तिथे अथेन्सला असं नव्हतं गं.” मी त्यावर रात्रभर विचार केला. तिथला नाच मुळात गावाने मिळून करायचा आहे. लग्नाला, सणाला सगळेच हात धरून गोलात येतात. मग नाचणारी कोण आणि पाहणारी कोण? आपल्या मंगळागौरीचं असंच नाही का? झिम्मा-फुगडीत सगळ्याजणी नाचतात, म्हणून कुणालाच कुणी ‘नाचणारी’ म्हणत नाही. तमाशात मात्र एकटी नाचते आणि हजार पुरुष पाहतात. गाव जत्रेत देवाची करमणूक म्हणून तिला मानाने बोलावतं, सुपारी देतं, आणि सकाळी तिचं नाव घेताना तोंड वाकडं करतं. आपण बायका घरी बसतो त्यामुळे हे असंच चालू राहतं, असं मला वाटतं. पाहणारे सगळे एकाच तऱ्हेचे असले की नाचही त्यांना हवा तसाच होत जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापाशी हजेरी होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाचे कलावंत गावापुढे पुन्हा गातात, नाचतात, आणि गावकरी बक्षिसं देतात. याला हजेरी म्हणतात. दिवसाउजेडी असल्यामुळे हिला बायका, म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरंबाळं सगळी येतात. आणि काय सांगू, तीच बाई, तीच लावणी, पण रंग निराळाच! पुढे बायका बसलेल्या पाहून तिने अदा निम्म्या केल्या आणि पायाचं काम दुप्पट. एका आजीबाईंनी कनवटीची दहाची नोट काढून तिच्या हातात ठेवली आणि तिच्या चेहऱ्यावरून बोटं मोडली.

हजेरी संपल्यावर ट्रकपाशी एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मागच्या रांगेत नाचणाऱ्यांपैकी ती होती. “बाई, तुम्ही शाळेतल्या ना? माझी पोरगी तुमच्या वर्गात आहे.” मी तिच्याकडे पाहतच राहिले. ती मुलगी आजीजवळ राहते एवढंच मला ठाऊक होतं. प्रगतिपुस्तकावर आजीचा अंगठा असतो. प्रवेशाच्या अर्जात आईचा व्यवसाय या रकान्यात नुसती रेघ मारलेली आहे. गाव आणि नाव मी इथे मुद्दाम सांगत नाही.

आईने पहिला प्रश्न विचारला, “वाचती का नीट?” मी म्हटलं, “वाचते छान, पण वर्गात बोलत नाही.” ती म्हणाली, “नाही बोलायची. पोरं विचारतात ना, आई काय करती म्हणून.” मग थांबून म्हणाली, “दसऱ्याला जाते ते वैशाखात तोंड बघते तिचं. माझ्या पायात घुंगरू आईने बांधलं, मला कुणी विचारलं नाही. हिला दहावी होऊ द्या. पुढं तिला नाचायचं तर नाचू दे, नाही तर नको. पण तिचं तिनं ठरवावं.” एवढ्यात ट्रकचा भोंगा वाजला आणि ती गेली. वन्संनी पर्समधून पैसे काढले होते ते हातातच राहिले.

मैत्रिणींनो, विठाबाई नारायणगावकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. भाऊ-बापू नारायणगावकर यांच्या फडातली ही लेक, पुढे तमाशासम्राज्ञी झाली. भर खेळात पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा ती कनातीमागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, अशी तिची हकिकत सांगतात. राष्ट्रपतींच्या हातून तिचा गौरव झाला. तरीही अखेरचे दिवस तंगीतच गेले. २००२ साली ती वारली. आता राज्य सरकार तिच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. बाळंतपण काय असतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिचं ते धैर्य आपल्यापैकी कितीजणींनी समोर बसून पाहिलं असतं?

आता तुम्हाला जायचं झालं तर चार गोष्टी सांगते. रात्री जाणं जमत नसेल तर हजेरीला जा. घरातलं वडीलधारं माणूस बरोबर घ्या, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहत नाही. एकटीदुकटीने जाऊ नका, पाच-सातजणी मिळून जा आणि जमेल तितकं पुढे बसा. दाद द्यायची तर ढोलकीच्या बोलाला द्या. बक्षीस द्यायचं तर हातात द्या, फेकू नका. पाडव्याच्या सुमाराला आलात तर नारायणगावच्या राहुट्या दिवसाउजेडी पाहता येतील. आणि इतक्या लांब आलात तर लेण्याद्री आणि शिवनेरी करूनच जा.

जुन्नरभोवतीच्या लेण्यांत ब्राह्मी शिलालेख आहेत. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी तिथे यवनांनी दान दिलं. इरिल नावाच्या एकाने पाण्याची दोन टाकी खोदून दिली, चित नावाच्या दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप. यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्या बाजूने आलेले लोक. नाणेघाटाच्या वाटेने व्यापार चालायचा त्या काळचे हे प्रवासी. परमुलखातून आले, इथलं पाहिलं आणि इथे काहीतरी ठेवून गेले. वन्संना हे सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “म्हणजे ते आपल्याकडे आधी आले, मी उशिरा गेले!”

जूनमध्ये शाळा उघडली. अर्ज नव्याने भरून घ्यायचे होते. आई त्या दिवसांत घरी होती, ती स्वतः आली. व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबलं तेव्हा मी म्हटलं, “लोककलावंत लिहा.” तिने मला अक्षरं विचारून सावकाश लिहिलं. शिक्षकांच्या खोलीत यावर थोडी कुजबुज झाली, ती मी ऐकली. ती मुलगी अजूनही वर्गात फारसं बोलत नाही. पण परवा कवितेला चाल लावायची होती तेव्हा बाकावर बोटांनी ठेका धरला तो तिनेच. सगळा वर्ग तिच्या ठेक्यावर म्हणत होता.

येत्या चैत्रात आमच्या गल्लीतल्या नऊजणींनी हजेरीला यायचं कबूल केलंय. सासूबाई अजून हो म्हणाल्या नाहीत. पण परवा मला विचारत होत्या, “तिथे बसायला खुर्ची मिळते का गं?”