आवरलेला हात

गेल्या पावसाळ्यात घरातली निजानीज झाली की मी रोज रात्री एक भाग बघायचो. एकूण ११० भाग, म्हणजे जवळजवळ अख्खा चातुर्मास. ‘लेजेंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ ही जपानी ॲनिमे मालिका योशिकी तानाका यांच्या दहा खंडांच्या कादंबरीवर बेतलेली आहे. कादंबरी १९८२ ते १९८७ या काळात आली. नोबोरू इशिगुरो यांच्या दिग्दर्शनाखाली मालिकेचे भाग १९८८ पासून १९९७ पर्यंत थेट व्हिडिओवर निघत राहिले. हजारो जहाजांची आरमारं अवकाशात एकमेकांवर चालून जातात आणि मागे माहलर, ब्रुकनर, बेथोव्हेन वाजत असतात. पण पावसाळा सरल्यावर माझ्याजवळ उरले ते दोनच क्षण. त्या दोन्ही क्षणी हाती बळ असलेल्या माणसाने हात आवरला होता.

मी शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळे यांग वेन-ली मला पहिल्याच भेटीत आपला वाटला. त्याला इतिहासाचा अभ्यास करायचा होता. वडील गेले, पैसा उरला नाही आणि इतिहास फुकट शिकायला मिळतो म्हणून तो लष्करी अकादमीत शिरला. पुढे तोच साम्राज्याशी लढणाऱ्या प्रजासत्ताकाचा सर्वांत मोठा सेनानी झाला. समोर साम्राज्याच्या बाजूला राइनहार्ड फॉन लोहेनग्राम. गरीब सरदारघराण्यातला पोरगा. त्याच्या बहिणीला सम्राटाने जनानखान्यात नेलं, त्या दिवसापासून हे सिंहासन उलथून टाकायचं त्याने मनाशी घेतलं. त्याचा बालमित्र झीगफ्रीड किर्खाइस या एकाच माणसाला ते ठाऊक होतं.

पहिला क्षण राइनहार्डचा. साम्राज्यात सरदारांचं बंड पेटलं आहे. वेस्टरलँड या ग्रहावरच्या रयतेने उठाव केला म्हणून बंडखोरांचा म्होरक्या त्या ग्रहावर अण्वस्त्रं टाकायचं ठरवतो. तिथे वीस लाख लोक राहतात. ही खबर राइनहार्डला आधी लागते. त्याचा सल्लागार ओबरश्टाइन शांतपणे हिशेब मांडतो: हल्ला होऊ द्या, त्याची दृश्यं साऱ्या साम्राज्यात दाखवा, जनता सरदारांवर उलटेल, युद्ध लवकर संपेल आणि एकूण माणसं कमीच मरतील. राइनहार्ड ठामपणे नाही म्हणत नाही. वीस लाख माणसं जळून जातात आणि हिशेब बरोबर ठरतो. युद्ध लवकर संपतं.

किर्खाइस परततो आणि जाब विचारतो. बंडखोर सरदार असं वागतील, ते त्यांचं जुनंच आहे. पण आपण यासाठी निघालो नव्हतो, असं तो सांगतो. चूक पटलेली असते, म्हणूनच राइनहार्ड चिडतो आणि विचारतो, तू माझा कोण आहेस? एरवी त्याला नावाने हाक मारणारा किर्खाइस ‘महोदय’ म्हणतो आणि ‘मी आपला निष्ठावान सेवक आहे’, असं उत्तर देतो. जिव्हाळ्याचं माणूस एकाएकी ‘अहो-जाहो’वर आलं की काय तुटतं, हे मराठी घरात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. राइनहार्डसमोर शस्त्र बाळगायचा मान एकट्या किर्खाइसला होता. त्या भांडणानंतर तो काढून घेतला जातो. विजयाच्या दरबारात मारेकरी राइनहार्डवर शस्त्र रोखतो तेव्हा किर्खाइसच्या कमरेला पिस्तूल नसतं. तो नुसत्या हातांनी मारेकऱ्याला भिडतो आणि मित्राला वाचवून मरतो.

दुसरा क्षण यांगचा. व्हर्मिलियनची लढाई. यांगने राइनहार्डचं आरमार फोडत आणलं आहे. त्याचं ब्रुनहिल्ड हे पांढरंशुभ्र जहाज तोफांच्या टप्प्यात आहे. एक हुकूम दिला की दीडशे वर्षांचं युद्ध संपेल. तेवढ्यात राजधानीहून आदेश येतो: विनाअट युद्ध थांबवा. शत्रूच्या दुसऱ्या आरमाराने राजधानीचा ग्रह घेरलेला असतो आणि ट्रुनिख्त नावाच्या सत्ताधाऱ्याने शरणागती पत्करलेली असते. देशभक्तीवर टाळ्या घेणारा आणि स्वतः नेहमी सुरक्षित राहणारा हा माणूस. यांगच्या हाताखालचा अधिकारी शॉनकोप्फ त्याला म्हणतो की आदेश कानाआड करा, तोफा डागा, इतिहास तुमचा आहे. यांग क्षणभर गप्प राहतो. मग म्हणतो की हा पोशाख काही आपल्या मापाचा दिसत नाही. आणि तोफा थांबतात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. यांगने कुणाचा आदेश पाळला होता? याच प्रजासत्ताकाच्या सरकारने निवडणूक तोंडावर आली म्हणून साम्राज्यावर स्वारी केली होती. तीन कोटी सैनिक गेले, त्यातले सुमारे दोन कोटी परतले नाहीत. व्हर्मिलियनला पडलेल्या यांगच्या सैनिकांनी तरी मरायचं कशासाठी? पण तानाकांनी दुसरी बाजूही कथेत आधीच पेरून ठेवली आहे. ज्या साम्राज्याशी हे युद्ध चाललं आहे, त्याचा संस्थापक रुडॉल्फ मतपेटीतूनच वर आला होता. भ्रष्ट कारभाराला विटलेल्या लोकांनी एका कर्तबगार सेनानीच्या हाती सगळं सोपवलं आणि पुढची पाच शतकं त्यांची लेकरं रयत म्हणून जगली. यांगला हा इतिहास पाठ होता. त्या दिवशी त्याने आदेश मोडला असता, तर त्याचा हेतू कितीही शुद्ध असो, तोच पोशाख त्याच्या अंगावर चढला असता.

माझ्या साध्या आयुष्यातला एक प्रसंग त्या रात्री वर आला. एका निवडणुकीत मी केंद्राध्यक्ष होतो. मतदानाची वेळ संपली, तशी मी रांगेच्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत आणल्या आणि फाटक लावून घेतलं. पाचेक मिनिटांनी एक म्हातारी धापा टाकत आली. कामावरून तशीच आली होती, लुगड्याचा काष्टा मातीने माखलेला. फाटकाच्या गजांना धरून म्हणाली, “सायेब, येकच बटन दाबायचं हाय की.” आतले सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी म्हणाले, घ्या आत, कुणाची हरकत नाही. मी नाही म्हणालो. ती काही बोलली नाही. उलट्या हाताने तोंडावरचा घाम पुसला आणि आली तशी निघून गेली.

मी हात आवरला, पण कुणासारखा? राइनहार्डने आवरलेल्या हाताची किंमत वेस्टरलँडने मोजली. यांगने आवरलेल्या हाताची किंमत पुढे त्यालाही मोजावी लागली. ज्या सरकारचा मान राखला, त्याच प्रजासत्ताकाने साम्राज्याच्या भीतीने त्याला अटक केली. माझ्या फाटकाची किंमत मात्र माझ्याकडून कुणी मागितली नाही. ती त्या म्हातारीने मोजली. आजही मी फाटक उघडणार नाही. एकीसाठी उघडलं की ते माझं फाटक होतं, आणि मग कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे मी ठरवू लागतो. पण नियम बरोबर होता एवढं म्हणून मला मोकळं होता येत नाही.

या कोड्याची वाट मला मालिकेतच सापडली. काही वर्षांनी राइनहार्ड सम्राट झालेला असतो. वेस्टरलँडमध्ये बायको-मूल गमावलेला एक माणूस त्याला मारायला येतो, पकडला जातो आणि भर लोकांत त्याला खुनी म्हणतो. ओबरश्टाइन पुढे होतो: सल्ला माझा होता, सूड घ्यायचा तर माझ्यावर घे. राज्यकारभाराच्या दृष्टीने ते रास्तच. पण राइनहार्डला ती ढाल घेता येत नाही. आकाशगंगा जिंकलेला तो तरुण त्या एका माणसाच्या नजरेला नजर देऊ शकत नाही. त्याच्या साऱ्या विजयांपेक्षा मला तो तिथे मोठा वाटला. वीस लाखांचं खातं त्याने शेवटपर्यंत दुसऱ्याच्या नावावर टाकलं नाही.

मान म्हणजे काय, असं वर्गात मुलांनी विचारलं की मी आजवर पराक्रमाच्या गोष्टी सांगत आलो. आता त्यात भर घालतो. हाती बळ असताना आपण काय केलं आणि काय केलं नाही, दोन्हींचं खातं आपल्याच नावावर ठेवायचं. नियमाच्या नाही, सल्लागाराच्या नाही, काळाच्या तर नाहीच. ती म्हातारी परत गेली तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत बोटाला शाई लागली की मी क्षणभर ते बोट बघत उभा राहतो. एका बोटाला ती माझ्यामुळे लागली नव्हती.