दर ठरवला, शुद्धीचे काय?

साधे कुलूप घ्यायचे असले तरी आपण दुकानात ते चार वेळा लावून-उघडून पाहतो. साडी घेताना पदर उजेडात धरतो. पण ज्याच्या हाती घरातली वीज, गॅसची नळी किंवा गाडीचे स्टिअरिंग द्यायचे, त्या माणसाला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती घेणार?’ तो कमी आकडा सांगतो आणि व्यवहार ठरतो. हा माणूस कामावर शुद्धीत येईल का, हा प्रश्न कुणाच्या ओठांवर येत नाही. तसे विचारणे म्हणजे समोरच्याचा अपमान, असा एक समज आहे.

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये असे व्यवहार नेहमीचेच. एकीकडे महात्मा गांधी कला मंदिर, नेहरू आर्ट गॅलरी, आणि आजूबाजूला बाजार. टाऊनशिपमधली माणसे इथे खरेदीला येतात आणि ओळखीपाळखीतून वायरमन, केटरर, मंडपवाला किंवा दिवसाच्या बोलीवर ड्रायव्हरही शोधतात. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे इथे आली. नागपूर-गोंदियाकडची मराठी कुटुंबेही मुंबई-हावडा मार्गावरून येऊन इथलीच झाली. आता त्यांतली एक पिढी निवृत्त आहे. मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी. घरी दोघे सत्तरीच्या पुढचे. शिडीवर चढणे, लांबवर गाडी चालवणे, पन्नास माणसांचा स्वयंपाक करणे, हे सारे आता पैसे मोजून करून घ्यायचे. म्हणजे हा प्रश्न त्यांच्या रोजच्या जगण्याचा आहे.

गंमत अशी की, शिस्त म्हणजे काय हे या घरांना कुणी शिकवायला नको. तीस वर्षे शिफ्ट केलेल्या गृहस्थाला ठाऊक असते की, लेखी परवानगी आणि ‘शटडाऊन’ घेतल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नसतो. डोक्यावर हेल्मेट नसेल तर पुढे जायचे नसते. तोंडाला वास येणाऱ्या सहकाऱ्याला त्यांनी भट्टीजवळ फिरकू दिले नसते. तेच गृहस्थ निवृत्तीनंतर झोकांड्या खाणाऱ्या वायरमनला मात्र घराच्या मीटरपाशी जाऊ देतात. का? तर, ‘जाऊ द्या, हात चांगला आहे त्याचा!’

हात चांगला, पण...

‘थोडी घेतली की त्याचे काम झकास होते,’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येते. ते खरे नाही. दारू सर्वांत आधी माणसाची स्वतःविषयीची पारख बिघडवते. त्याला आपले काम उत्तम चालले आहे असे वाटते आणि त्याच वेळी नजर, तोल आणि हाताचा वेग मंदावलेला असतो. चूक होते आणि ती चूक आहे हे कळतही नाही.

उन्हाळ्यातला कूलर घ्या. विदर्भात काय नि छत्तीसगडमध्ये काय, मे महिन्यात कूलरवाचून घर चालत नाही. पत्र्याचे अंग, खाली पाण्याची टाकी, आत मोटर आणि पंप. अर्थिंगची तार नीट जोडली नाही आणि आत कुठे वीज उतरली, की तो पत्रा जिवंत होतो. ओल्या फरशीवर उभे राहून पाणी भरणाऱ्या बाईचा हात त्याला लागला की काय होईल, ते सांगायला नको. किंवा फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर बटण बंद करूनही दिव्याच्या होल्डरमध्ये वीज राहते. पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही, दिवा तर लागतोच! अशा कामाचा दोष आठ दिवसांनी किंवा आठ महिन्यांनी उघडा पडतो. तेव्हा स्वस्त दराचा आनंद कुणाला आठवत नाही.

रात्रीची दारू, पहाटेचा प्रवास

समजा, भिलाईतल्या एका कुटुंबाला नागपूरला लग्नाला जायचे आहे. गाडी घरची, पण वडिलांना आता रात्री नीट दिसत नाही. म्हणून सिविक सेंटरमधल्या ओळखीच्या दुकानदाराच्या शब्दावर दोन दिवसांसाठी ड्रायव्हर ठरवला जातो. माणूस बोलायला गोड, दरही कमी. जाताना प्रवास सुखाचा होतो. रात्री लग्नघरी पुरुषमंडळींची बैठक बसते. कुणीतरी दिलदारपणे म्हणते, ‘अरे, ड्रायव्हरलाही द्या, दिवसभर दमलाय बिचारा.’ बारा वाजेपर्यंत एक पव्वा संपतो. पहाटे पाचला परत निघायचे ठरलेले असते. ड्रायव्हर तोंड धुऊन, कडक चहा घेऊन हजर. मागच्या सीटवर सून आणि तिचे दोन वर्षांचे बाळ. सगळे म्हणतात, ‘रात्रीची उतरली आता.’

खरेच उतरली का? हिशेब करून पाहा. एका पव्व्यात 180 मिलिलिटर दारू असते. व्हिस्की किंवा रम असेल तर त्यात सुमारे 60 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. माणसाचे यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकाली काढते. म्हणजे सगळे जायला सहा ते आठ तास हवेत, काहींना त्याहूनही जास्त. पहाटे पाचला त्यातला काही भाग अंगात शिल्लक असू शकतो. चहा, कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, यांनी झोप उडेल, पण यकृताचा वेग वाढत नाही. त्यात अपुरी झोप.

मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. वर सांगितलेला ड्रायव्हर पहाटे पाचला या मर्यादेच्या वर असू शकतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. गाडी चालवणारा दारूच्या अमलाखाली असेल, तर गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते. विम्याच्या पॉलिसीत तशी अट असते. ड्रायव्हर भाड्याचा होता, हे सांगून सुटका होत नाही.

विमानाच्या वैमानिकाला उड्डाणाआधी बारा तास मद्य वर्ज्य असते. उड्डाणापूर्वी त्याच्या श्वासाची तपासणी होते. रेल्वेच्या चालकालाही ड्युटीवर रुजू होताना अशी तपासणी द्यावी लागते. त्यात कुणाला अपमान वाटत नाही, तो नोकरीचा नियम मानला जातो. भिलाईत तयार होणाऱ्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीला जो नियम, तो आपल्या चार चाकांना का नसावा?

मजुरांनीच सोडली दारू

यावर कुणी म्हणेल, ‘ही माणसे अशीच असतात, त्यांना काय शिकवणार?’ असे म्हणणाऱ्यांनी भिलाईजवळचाच इतिहास पाहावा. कारखान्याच्या भट्ट्यांना अनेक दशके ज्या दल्ली-राजहराच्या खाणींनी लोहखनिज पुरवले, तिथे ठेकेदारांचे हजारो मजूर हाताने दगड फोडत. 1977 मध्ये त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना उभारली. लढ्यामुळे मजुरी वाढली, पण हाती आलेला जादा पैसा दारूच्या दुकानात जाऊ लागला. तेव्हा संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली. स्त्रिया त्यात पुढे होत्या. ही बंदी सरकारी हुकुमाने किंवा मालकाच्या उपदेशाने आली नव्हती. मजुरांनी ती एकमेकांवर घातली होती. दारूच्या ठेकेदारांना ती झोंबली, हे ओघानेच आले. पुढे याच मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून 1983 मध्ये तिथे शहीद हॉस्पिटल सुरू झाले.

नियोगी 1990 नंतर भिलाईच्या खाजगी कारखान्यांतल्या ठेका कामगारांसाठी लढत होते. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईतच झोपेत असताना त्यांची गोळी घालून हत्या झाली. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात. पण दल्ली-राजहराने एक गोष्ट दाखवून दिली. कष्टकरी माणसाला रास्त दाम, मान आणि पुढच्या दिवसाची आशा मिळाली, तर तो स्वतःच बाटली बाजूला ठेवू शकतो. दारू काही फक्त मजूरच पितात असेही नाही. केबिनमध्ये बसणाऱ्या साहेबांची आणि दुकानाच्या मालकांची सकाळही कधी कधी तशीच उगवते. नियम सर्वांना सारखा हवा.

म्हणूनच सर्वांत स्वस्त ठेकेदार निवडताना थोडे थांबावे. तो इतक्या कमी दरात काम करतो, तर माणसांना देतो काय? आज एक, उद्या दुसरा, असे नाक्यावरून उचललेले मजूर तो आणत असेल, तर त्यांच्या सवयींची खबर त्यालाच नसते. ज्याच्याकडे तीच माणसे वर्षानुवर्षे टिकून आहेत, त्याचा दर थोडा जास्त असला तरी तो खात्रीचा समजावा.

निवडताना काय पाहाल?

पहिली गोष्ट, जबाबदार माणूस कोण ते ठरवून घ्या. दुकानाचा पत्ता, मालकाचे नाव आणि फोन लिहून ठेवा. ‘पोऱ्या पाठवतो’ म्हणाला तर कोण येणार, किती वर्षे काम करतो, हे विचारा. वीजकामासाठी परवाना पाहायला मागा, ड्रायव्हरचे लायसन्स आणि त्याची मुदत पाहा. खरा व्यावसायिक याने रागावत नाही.

दुसरी गोष्ट, ज्यांच्याकडे त्याने काम केले अशा दोन घरी चौकशी करा. ‘काम कसे झाले?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘वेळेवर आला का? संध्याकाळीही तसाच होता का? चूक निघाल्यावर परत आला का?’ हेही विचारा.

तिसरी गोष्ट, अट आधीच आणि स्पष्ट सांगा. ‘आमच्याकडे कामाच्या वेळी दारू चालत नाही. तसे दिसले तर काम थांबवू आणि दुसरा माणूस तुम्ही द्यायचा.’ हे मालकाला सांगावे, कामगाराला सर्वांसमोर सुनावू नये. कामाचा तपशील, रक्कम आणि तारीख कागदावर घ्या. सगळे पैसे आगाऊ देऊ नका आणि बिल जरूर मागा. बिल असेल तर तक्रारीला आधार राहतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

आणि तरीही कुणी झिंगलेला आलाच तर? वाद घालू नका. त्याला शिडीवर चढू देऊ नका, विजेला हात लावू देऊ नका. मालकाला फोन करून बोलावून घ्या. त्याला त्याच्याच स्कूटरवरून परत पाठवू नका, रस्त्यावर दुसऱ्या कुणाचा तरी जीव जाईल. मात्र झोकांडी म्हणजे दारूच असे गृहीतही धरू नका. मधुमेह असलेल्याची साखर एकदम उतरली तरी जीभ अडखळते, तोल जातो. अशा माणसाला डॉक्टरची गरज असते.

कुणी वारंवार तसाच येत असेल, तर काम थांबवणे योग्यच, पण त्याला वाळीत टाकून प्रश्न सुटत नाही. दारूचे व्यसन हा उपचार होऊ शकणारा आजार आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हे काम करत आले आहे आणि तिथे रुग्णाच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतात. केंद्र सरकारची 14446 ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन विनाशुल्क आहे. आपल्याकडे येणाऱ्या कामगाराच्या बायकोच्या हाती हा क्रमांक दिला, तर तेही एक काम झाले.

शेवटी थोडे आपल्या घराकडेही पाहावे. काम संपल्यावर बक्षिसी म्हणून बाटली देणारे यजमान, बँडवाल्यांना आणि आचाऱ्यांना ‘खूश’ करणारे वरपक्ष, ड्रायव्हरला आग्रहाने पाजणारे पाहुणे, हे सगळे सुशिक्षित घरांतलेच असतात. एका हाताने पाजायचे आणि दुसऱ्या हाताने व्यावसायिकता मागायची, हे जमणार नाही. लग्नघरी ड्रायव्हरच्या पानात आधी वाढा. त्याला पंख्याखाली खाट द्या आणि रात्री दहाला झोपू द्या. पहाटे मागच्या सीटवर बाळ निर्धास्त झोपेल.