अर्जाचा समास

आमच्या घरी कुणाचाही अर्ज भरायचा म्हटले की मलाच हाक येते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला एवढे यायलाच हवे, ही वडीलधाऱ्यांची समजूत. परवा आत्या आली ती असाच एक अर्ज घेऊन. म्हणजे फोनवर आलेली पीडीएफ फाईल घेऊन.

१९९३ साली पीडीएफ निघाले ते कागद कोणत्याही यंत्रावर सारखाच दिसावा म्हणून. पुढे १९९६ मध्ये त्यात भरता येणारे रकाने आले. तरी काही अर्ज अजून नुसते कागदाचे चित्रच असतात. कितीही टिचक्या मारा, खूण उमटत नाही. हा अर्ज मात्र भरता येणारा होता. नाव, वय, पत्ता, सारे सुरळीत पार पडले. मग आली 'वैवाहिक स्थिती'. तीन गोल : विवाहित, अविवाहित, विधवा.

माझे बोट घसरले आणि 'विधवा'वर ठिपका पडला.

"अरे, पूस ते आधी!" आत्या जवळजवळ ओरडलीच.

मी पुन्हा टिचकी मारली. ठिपका हलेना. चौकोनातली खूण दुसऱ्या टिचकीला पुसली जाते. गोलांचे तसे नसते. एक सोडायचा तर दुसरा धरावा लागतो, सगळे कोरे सहसा होत नाहीत. शेवटी फाईल न साठवता बंद केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आत्या तोवर कपाळावरचे कुंकू चाचपत बसली होती.

'विवाहित'वर ठिपका दिला. खाली रकाना होता, पतीचे मासिक उत्पन्न. मी 'माहीत नाही' असे लिहू लागलो, तर अक्षर उमटेना. त्या रकान्याला फक्त आकडे चालत होते.

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शून्य लिही. एकोणीस वर्षं तेच तर आहे."

मी शून्य लिहिले. एवढे छोटे अक्षर लिहायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता.

छापलेली प्रत तिच्या हाती दिली. तिने सावकाश सही केली, आणि मग न विचारता समासात वळणदार अक्षरांत लिहिले : 'नवरा नांदवत नाही.'

पडद्यावरही तो समास दिसत होताच. पण तिथे लिहावे, हे मला सुचले नव्हते.