आवाज वाढविणारी पेटी

वडीलधाऱ्या माणसांचीं छायाचित्रें प्रत्येक घरांत कपाटभर सांपडतात. पण त्यांचा आवाज शोधूं गेल्यास लग्नाच्या चित्रफितींतील चार शब्दांपलीकडे बहुधा कांहींच हातीं लागत नाहीं. आमच्या थोरल्या वहिनी आज शहाऐंशी वर्षांच्या आहेत. जात्यावरच्या ओव्या व मंगळागौरीचीं गाणीं त्यांनीं आपल्या माहेराहून, राजापुराकडून, चालींसह आणलीं. शब्द मीं वहींत उतरून घेतले आहेत. चाल वहींत उतरत नाहीं. त्यांतून गेल्या वर्षापासून त्यांचा आवाज इतका खालावला आहे कीं, ओवीचा शेवटचा चरण शेजारीं बसणारासहि ओठांवरून ओळखावा लागतो.

नातवानें प्रथम मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलें. त्या यंत्रांतील व्यवस्था बोलणें समजावें एवढ्याच हेतूनें केलेली. ती हळू आवाज आपोआप वर उचलते आणि मोठा दाबते. परिणामीं ओवीचा चढउतार सपाट होऊन वहिनी जणूं आगगाडीची वेळ सांगत आहेत असें वाटूं लागलें. तेव्हां स्वतंत्र मायक्रोफोन व त्यामागें लागणारा प्रीअँप घेण्याचें ठरलें, आणि कोणता घ्यावा यावर घरांत आठवडाभर खल झाला.

प्रीअँपचें काम सांगावयास सोपें आहे. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनापासून हलक्या आवाजास एका व्होल्टाचा हजारावा भागसुद्धां मिळत नाहीं. तो हजारपट वाढवावयाचा, म्हणजे ६० डेसिबल. परंतु वाढवितांना पेटी आपली स्वतःची सळसळहि त्यांत मिसळते. मला संस्कृत वर्णोच्चाराची संवय असल्यामुळें ही सळसळ श, ष, स या ऊष्म वर्णांच्या जातीची आहे हें लगेच ध्यानांत आलें. आणि नेमके तेच वर्ण व श्वासाचे बारकावे ती प्रथम गिळते. वहिनींच्या गाण्यांत आतां श्वासच अधिक उरला आहे, म्हणून हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा.

नातवाचें मन काचेची नळी असलेल्या एका स्वतंत्र प्रीअँपवर बसलें होतें. "आजोबा, तिच्यानं आवाजाला ऊब येते," असें तो म्हणे. ही ऊब म्हणजे मूळ आवाजांत केलेली गोड भेसळ होय. चित्रपटाच्या गाण्यास ती शोभत असेल. ओवीस ती नको. शिवाय अशी स्वतंत्र पेटी घेऊनहि ध्वनीचे आंकडे करून संगणकांत घालणारा ऑडिओ इंटरफेस लागतोच, आणि त्यांत प्रीअँप आधींच बसविलेला असतो.

मग महाग प्रीअँप अधिक शांत असतो कीं काय? येथें निसर्गानेंच मर्यादा घातली आहे. प्रत्येक विद्युत्रोधांत उष्णतेमुळें सळसळ असते, हें जॉन्सन व नायक्विस्ट यांनीं १९२८ सालीं दाखविलें. मायक्रोफोनासारख्या १५० ओहमच्या रोधाची ही सळसळ सुमारें उणे १३१ डीबीयू भरते. हल्लींच्या बऱ्याच स्वस्त इंटरफेसांचा आंकडा उणे १२८ च्या आसपास असतो. हा आंकडा ‘ए’ भारांकनानें मोजला असल्यास दोन-तीन डेसिबलांनीं अधिक देखणा दिसतो, म्हणून दोन पेट्यांची तुलना करतांना तें अवश्य पाहावें. तें जमेस धरूनहि महाग पेटीनें मिळवावयाचे फार तर पांच डेसिबल उरतात. आणि आमच्या दिवाणखान्यांतील पंखा त्याहून कितीतरी अधिक बोलतो.

खरा लाभ अन्यत्र आहे. कंडेन्सर मायक्रोफोनास पेटींतून ४८ व्होल्ट पुरवावे लागतात, परंतु त्याचा संकेत मोठा असतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा शुअरच्या एसएम५८ च्या सुमारें सातपट संकेत देतो. मग प्रीअँपवर भार कमी पडतो आणि त्याच्या सळसळीपेक्षां मायक्रोफोनाची स्वतःची सळसळच महत्त्वाची ठरते. म्हणून पैसा कमी सळसळीच्या मायक्रोफोनांत घालावा, आणि इंटरफेस साधाच, पण ५५-६० डेसिबल वाढ व ४८ व्होल्ट देणारा घ्यावा, हें माझें मत शेवटीं सर्वांस पटलें. दुसरा लाभ तर फुकटचा: मायक्रोफोन निम्म्या अंतरावर आणला कीं संकेत जवळजवळ दुप्पट होतो.

वहिनींस हा सर्व खटाटोप पटला नव्हता. "भाऊजी, आतां काय राहिलंय माझ्या आवाजांत?" असें त्या म्हणत. परंतु मायक्रोफोन वितीवर ठेवून, पंखा व शीतकपाट बंद करून दुपारीं बसविल्यावर त्या आपण होऊन गाऊं लागल्या. २४ बिटांवर मुद्रण करीत असल्यामुळें पातळी ओढून वर नेण्याची गरज पडत नाहीं; सर्वांत उंच स्वर उणे १२ डेसिबलांवर राहिला तरी पुरे. आजवर एकोणीस ओव्या मिळाल्या. मंगळागौरीचीं गाणीं राहिलीं आहेत. श्रावणापर्यंत न थांबतां तीं याच महिन्यांत घ्यावयाचीं आहेत.